बारवेवर स्लॅब टाकू नका: माहेरच्या गावाला खुले पत्र

माननीय सरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि मंदिर जीर्णोद्धार समितीची सर्व मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी या गावची लेक. लग्न होऊन परभणीला गेले त्याला ३८ वर्षं झाली. तिथल्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, निवृत्त झाले, नातवंडं झाली. तरी चैत्रात आणि दिवाळीला पाय इकडे वळतातच. तुमच्यातले निम्मे मला आत्या म्हणतात आणि उरलेल्यांना मी दादा, काका म्हणते. त्यामुळे हे उघड पत्र लिहिताना जीव कचरतो आहे. आधी मी घरोघरी जाऊन बोलले. सगळ्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि शेवटी एकच सांगितलं, "आत्या, ठरलंय आता. वर्गणी जमलीय." गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. पण हाच निर्णय उद्या शेजारच्या गावात होईल, परवा त्याच्या शेजारी. म्हणून हे सगळ्यांनी वाचावं असं वाटतं.

गेल्या महिन्यात देवदर्शनाला आले तेव्हा बारवेच्या, म्हणजे देवळासमोरच्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर फक्कीने रेषा मारलेल्या दिसल्या. पायऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर लाल रंगाच्या सहा फुल्या होत्या. विचारलं तर कळलं की तिथे कॉलम येणार. देवळापुढे चाळीस बाय साठ फुटांचा सभामंडप होणार आहे, त्यातला निम्म्याहून जास्त भाग बारवेवर येतो. वर स्लॅब, स्लॅबवर फरशी, आणि मधोमध लोखंडी झाकणाचं एक चौकोनी भोक, "पाणी लागलं तर मोटर सोडायला".

मी त्या फुल्यांपाशी बराच वेळ उभी राहिले. मग खाली उतरले.

तुम्ही शेवटचं कधी उतरलात? पोरपणी पोहायला उतरला असाल. आता एकदा चैत्रातल्या दुपारी उतरून बघा. वर तळपायाला चटके बसतात आणि बारा-पंधरा पायऱ्या खाली गेलं की अंगावरून गार हात फिरावा तसं होतं. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, कडेला मात्र अजून धारदार आहेत. माणसं कुठून चढली-उतरली ते दगडानेच लिहून ठेवलंय. मागच्या भिंतीच्या माथ्यावरच्या दगडांना दोर घासून पडलेल्या खाचा आहेत. त्यातल्या एका खाचेत माझी करंगळी पहिल्या पेरापर्यंत जाते. काळ्या बसाल्टमध्ये करंगळीएवढी खाच पडायला किती घागरी वर गेल्या असतील, याचा हिशेब मला कधी जमला नाही.

आपली बारव तीन बाजूंनी उतरणारी. जुन्या शिल्पग्रंथांत अशा बारवेला जया म्हणतात. एका वाटेची ती नंदा, दोन वाटांची भद्रा, तिनाची जया, चारांची विजया. घरच्या लेकींची ठेवावीत अशी ही नावं आहेत. बांधणाऱ्यांनी पाण्याच्या जागेला इतक्या मायेने नाव दिलं आणि आपण तिला कागदावर "पडीक विहीर" लिहिलं, हे मला सगळ्यात लागलं. तुमच्या ठरावात तेच दोन शब्द आहेत. मी तो वाचला.

ती पडीक नाही. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी असायच्या. मळ्यातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. बारवेत खालून तिसऱ्या टप्प्यावर एक देवळी आहे, तीत गणपती आहे. एरवी तो पाण्यात असतो. आजी म्हणायची, "गणपती उघडा पडला की हात आखडता घ्या." त्या वर्षी तो उघडा पडला, त्याच्या खालच्याही पायऱ्या उघड्या पडल्या, आणि तरीही तळाच्या कुंडात दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. रात्रीतून कुंड भरायचं. पहाटे बायका पायऱ्यांवर ओळीने उभ्या राहून हातोहात घागरी वर द्यायच्या. मी सगळ्यात वरच्या पायरीवर, कारण मी लहान. रिकामी घागर खाली पाठवायचं काम माझं. आमच्या गल्लीने त्या उन्हाळ्यात गाव सोडलं नाही ते या पाण्यावर.

आपल्याकडे पाणी कार्तिकात वर असतं आणि वैशाखात पाताळात जातं. आडाला दोर लांबवत न्यावा लागतो. बारवेत माणूसच पाण्याच्या मागोमाग पायरी पायरी खाली जातो. मराठवाड्याच्या या दगडी जमिनीचा स्वभाव ओळखून कुणीतरी हे बांधलं. पुढे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याच्या जागा बुजवण्याची चैन आपल्याला परवडत नाही.

आता तुमच्या निर्णयाबद्दल स्पष्ट लिहिते.

सगळ्यात आधी जिवाचा प्रश्न. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. इंदूरच्या एका मंदिरात हवन चालू होतं. लोक ज्या फरशीवर बसले होते तिच्याखाली जुनी बावडी होती. ती झाकून वर बांधकाम केलेलं होतं. गर्दीच्या भाराने फरशी खचली आणि माणसं थेट पाण्यात गेली. ३६ जण गेले. मी ती बातमी पाहिली तेव्हा डोळ्यांसमोर आपलंच देऊळ आलं होतं, आणि आज तुमच्या आराखड्यात तेच चित्र आहे: खाली बारव, वर स्लॅब, स्लॅबवर सप्त्याची गर्दी. तुम्ही म्हणता आपला स्लॅब पक्का असेल, सळई जाड घालू. पण खालून बाराही महिने ओल आहे. सळईला गंज चढतो, गंज फुगतो, काँक्रीट पोटातून फुटत जातं, आणि वरून फरशी चकचकीतच दिसते. खाली उतरून बघायला वाट ठेवलेली नाही. दहा-पंधरा वर्षांनी काल्याच्या कीर्तनाला आपल्याच लेकीसुना तिथे बसलेल्या असतील. हे मी भीती घालायला लिहीत नाही. इंदूरचे लोकही देवाच्या कामालाच बसले होते.

दुसरं, ज्या पायऱ्यांवर तुम्ही कॉलम उभे करणार आहात त्या नुसत्या चढण्या-उतरण्यासाठी नाहीत. मागच्या मातीचा रेटा त्या अडवून धरतात. दगडावर दगड बसवलेला आहे, मध्ये ना चुना ना सिमेंट. आपापल्या वजनाने आणि घडाईने ते एकमेकांत घट्ट आहेत. हेमाडपंती म्हणतात ती हीच पद्धत. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री, त्याच्या नावाने ती ओळखली जाते, जरी अशी कितीतरी देवळं त्याच्याही आधीची आहेत. अशा बांधणीत ब्रेकर लावून सहा खड्डे घेतले की आजूबाजूचे थर सैल होणार. पहिल्याच मोठ्या पावसात बारव ढासळली तर वरचा मंडप कशावर उभा राहील? या आराखड्याखाली जुन्या दगडी बांधकामाची माहिती असलेल्या एकाही अभियंत्याची सही नाही. मी विचारलं, मला मिळालं ते उत्तर असं की ठेकेदार अनुभवी आहे.

तिसरं दुखणं जुनं आहे आणि त्यात दोष एकट्या तुमचा नाही, आमचाही आहे. बारव घाण झाली म्हणून झाकायची, असं समितीतले एक काका म्हणाले. ती घाण झाली कशी? वरच्या आळीची नाली सहा वर्षांपूर्वी तिच्या तोंडाशी आणून सोडली. भंडाऱ्याच्या पत्रावळ्या, निर्माल्य, प्लॅस्टरच्या गणेशमूर्ती सगळं तिच्यात जातं. माझ्या भावाच्या घरचा गणपतीही तिथेच विसर्जन व्हायचा, मी स्वतः आरतीला उभी असायचे. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. पण आपण केलेल्या घाणीची शिक्षा तिला कशाला?

आणि देवळाला दिलेला तो रंग. गेल्या वर्षी गाभाऱ्याची चौकट चॉकलेटी आणि खांब पिवळे झाले, तेही ऑइल पेंटने. डाव्या बाजूच्या खांबावर एक बाई आरशात बघून कुंकू लावते आहे, तुम्हाला माहीत असेल. तिच्या बोटांची नखं दिसायची. आता बोटंच दिसत नाहीत, रंगाचा गोळा दिसतो. दगड ओल घेतो आणि सोडतो. वरून तेलाचा थर बसला की आतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. ज्यांनी रंग दिला त्यांनी भक्तीनेच दिला, पदरचे पैसे घातले, हे मला ठाऊक आहे. तरी ते चुकलंच.

सभामंडपाची गरज मला मान्य आहे. सप्त्यात बायका उन्हात बसतात, पावसात भिजतात, मीही बसले आहे. मंडप व्हावाच. फक्त तो बारवेवर नको. देवळाच्या पूर्वेला जुन्या शाळेच्या दोन पडक्या खोल्या आहेत. ती जागा ग्रामपंचायतीची आहे आणि मी पावलांनी मोजली तर तुमच्या आराखड्यातला मंडप तिथे बसतो. "देवासमोर हवा" हा एकच आक्षेप मला ऐकायला मिळाला. देवासमोर ही बारवच होती, आधीपासून. पाय धुऊन, ओंजळभर पाणी घेऊन मग देवाकडे जायचं, अशी ती रचना आहे. देऊळ आणि पाणी मिळून एक जागा होते. त्यातलं अर्धं झाकलं तर जीर्णोद्धार कशाचा केला म्हणायचा?

निवृत्तीनंतर मी ठरवून अशा गावांना गेले. आपल्याच जिल्ह्यातलं चारठाणा, जिंतूर तालुक्यात. गावात शिरलं की घरांच्या मधून एकदम उंच कोरीव स्तंभ उभा दिसतो. गोकुळेश्वराच्या देवळाला लागून बारव आहे, तिच्या पायऱ्यांत देवळ्या आहेत, अगदी आपल्यासारख्या. मी गेले त्या दिवशी दोन कॉलेजची मुलं पायऱ्यांवर बसून मोजमापं वहीत उतरवत होती. सेलू तालुक्यातल्या वालूरला बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात. वरून बघताना दगडाचा भोवराच वाटतो. ती कचऱ्याने आणि झाडोऱ्याने भरली होती, गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. आता लांबलांबून माणसं बघायला येतात. आपल्या गावाहून ना वालूर श्रीमंत आहे ना चारठाणा.

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी ती बांधली, शके १६४१ ते १६४६. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. एका बाईने आमराईला पाणी मिळावं म्हणून बांधलेली अष्टकोनी विहीर, आत चक्क महाल, आणि आजही खाली पाणी आहे. तिथल्या कठड्याला हात लावून मी उभी होते तेव्हा शाळेतली एक मुलगी तिच्या आईला सांगत होती, मोट कशी चालायची ते. पाठ केल्यासारखं नाही, स्वतःच्या घरचं सांगावं तसं.

राजस्थानात आभानेरीलाही गेले, मुलीबरोबर. दौसा जिल्ह्यातलं लहानसं गाव. एका बाजूला हर्षत मातेचं भग्न देऊळ, समोर चाँद बावडी. तेरा मजले खोल, साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, तीन बाजूंनी त्रिकोणांच्या नक्षीसारख्या उतरत गेलेल्या. हजार वर्षांहून जुनी. तिच्या ओवऱ्यांत देवळाचे कोरीव दगड ओळीने लावून ठेवले आहेत. पडलेला तुकडाही कुणी फेकला नाही. आता तिथे पायऱ्या उतरू देत नाहीत, कठड्यावरूनच बघायचं. माझ्या शेजारी एक परदेशी बाई होती, तिने बराच वेळ कॅमेराही काढला नाही, नुसती बघत राहिली. मुलगी मला म्हणाली, "आई, आपल्या गावात तर अजून उतरता येतं." ते वाक्य परतीच्या सगळ्या प्रवासात माझ्याबरोबर होतं.

तुमच्या वर्गणीत शंभराच्या कितीतरी नोटा आल्या असतील. जांभळट रंगाची नवी नोट काढा आणि उलटी करून बघा. मागे जे चित्र आहे ती पाटणची राणी की वाव, अकराव्या शतकात राणी उदयमतीने बांधलेली. गाळाखाली गाडली गेली होती, उकरून वर काढली, आणि २०१४ साली जागतिक वारसा यादीत गेली. बारवेचं चित्र देशाने चलनावर छापलं आहे. त्याच नोटा गोळा करून आपण आपली बारव झाकायला निघालो आहोत. समितीतल्या प्रत्येकाने हे एकदा नोट हातात घेऊन बघावं, एवढी विनंती.

माझ्या मागण्या लिहून देते. ठरावाच्या वहीत जशाच्या तशा घ्याव्यात.

१. बारवेवर स्लॅब टाकण्याचा ठराव रद्द करावा आणि सभामंडप जुन्या शाळेच्या जागेवर घ्यावा. त्यासाठी माझ्या पेन्शनमधले ५१ हजार रुपये मी देते. ठराव रद्द झाल्याचं वाचून दाखवलं की त्याच दिवशी देईन.

२. हा विषय पुन्हा ग्रामसभेत यावा आणि त्याआधी नियमाप्रमाणे महिला सभा व्हावी. मागच्या वेळी ती झाली नाही. या बारवेचं पाणी ज्यांनी डोक्यावरून वाहिलं त्यातल्या सात-आठ जणी अजून गावात आहेत. त्यांना कुणीच विचारलं नाही.

३. वरच्या आळीची नाली पावसाळ्याआधी वळवावी. याला ना पुरातत्त्ववाल्यांची परवानगी लागते ना मोठा पैसा. विसर्जनासाठी वेगळी टाकी करावी.

४. गाळ काढायचाच आहे तर जेसीबीने नको. माणसांनी, टप्प्याटप्प्याने, वरून हवा खेळती राहील असं बघून काढावा. कोंडलेल्या हवेने जुन्या विहिरींत माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मूर्ती, नाणी, शिलालेखाचा दगड असं काही निघालं तर घरी किंवा देवळात न ठेवता तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. १८७८ सालचा निखात निधी, म्हणजे जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा, कायदा आजही लागू आहे. दगडांच्या फटीत उगवलेले पिंपळ ओढून उपटू नयेत, त्यांच्याबरोबर दगड येतो. जाणकारांच्या सल्ल्यानेच ते मारावेत.

५. बारव आणि देऊळ मिळून राज्य संरक्षित स्मारक व्हावं, यासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे ग्रामसभेचा ठराव पाठवावा. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण जे स्मारक यादीत नाही त्याला तो कवेत घेत नाही, आणि आपली बारव कुठल्याच यादीत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतून स्मारकांच्या जतनासाठी निधी मिळण्याची सोय आहे, तीही मागावी. कागदपत्रं, फोटो, मोजमापं मी तयार करून देते. अर्जही लिहून देते, सही तेवढी तुमची.

६. देवळावर यापुढे ऑइल पेंट नाही, गाभाऱ्यात टाइल नाही. दिलेला रंग काढायचा तर वाळूच्या फवाऱ्याने नको, त्याने कोरीव काम उडतं. जाणकार माणूस आणू, तो सांगेल तसं करू. तोवर आहे तसं राहू द्या.

७. गणपतीच्या देवळीखाली दगडाला हात न लावता, बाजूला एक मोजपट्टी उभी करावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींचं पाणी मोजते. आपल्या शाळेतल्या मुलांनी बारवेचं मोजावं, दर महिन्याला, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं. आजीने जे एका वाक्यात सांगितलं ते आकड्यांत राहील.

या सगळ्याला खर्च किती, असं तुम्ही विचाराल. नाली आणि गाळ मिळून तुमच्या स्लॅबच्या बजेटचा मोठा भाग शिल्लक राहील, आणि उरलेल्यात मंडपाचं काम सुरू होईल. महाराष्ट्र बारव मोहिमेची माणसं महाशिवरात्रीला गावोगावच्या बारवांमध्ये दिवे लावतात, श्रमदान करतात; त्यांना बोलवा. आपल्या गावातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेली पोरं आहेत, त्यांना मी स्वतः फोन करते. दोघांशी बोलले आहे, दोघेही सुट्टी काढून गाळ उपसायला येतो म्हणाले.

सरपंच, तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं बारवेत सूर मारायचात आणि ओल्या चड्डीने आमच्या ओसरीवर येऊन बसायचात. आई दोघांनाही एकाच ताटात शेंगदाणे-गूळ द्यायची. ते तुम्ही विसरला नसणार. तुमच्यावर दबाव आहे, वर्गणी देणाऱ्यांना दिवाळीआधी काहीतरी उभं दाखवायचं आहे, हे मला कळतं. जुन्या शाळेच्या जागेवर पाया खणला तरी तो दिवाळीआधी दिसेल.

ग्रामसभा पुढच्या रविवारी आहे. मी शनिवारीच येते आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ मी बारवेपाशी असेन. समितीतल्या प्रत्येकाने तेवढ्या वेळात एकदा माझ्याबरोबर खाली पाण्यापर्यंत उतरावं. खराटा आणि दोन टोपल्या मी बरोबर आणते आहे. सभेत माझं बोलणं पाच मिनिटांत संपेल. तोपर्यंत त्या सहा फुल्यांवर कुदळ पडू देऊ नका.

आपली,
या गावची एक माहेरवाशीण